कृत्रिम पाय, मैदान आणि मोजपट्टी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत एका सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला होता ‘जिद्द’. मी विनंती केली की विषय जरा बदलू या. जिद्द काय, सगळ्यांकडेच असते. लिफ्ट बंद असताना चौथ्या मजल्यावर पाण्याच्या बादल्या चढवणाऱ्या आपल्या वहिनींकडे ती माझ्यापेक्षा जास्त आहे. मला बोलायचं आहे खेळाबद्दल. हात किंवा पाय गमावलेला माणूस मैदानात उतरतो तेव्हा तो नक्की काय करतो, कोणाशी स्पर्धा करतो, कोणत्या नियमांनी करतो? टीव्हीवर आपण पदक बघतो, टाळ्या वाजवतो; मधलं काही दिसत नाही. ते मधलं आज सांगतो.

माझी ओळख थोडक्यात. २०११ साली हायवेवर एका टेम्पोच्या धडकेत माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो, बँकेत नोकरी होती, आजही आहे. २०१५ पासून मी बसून गोळाफेक करतो. माझी आजवरची सर्वोत्तम फेक ८ मीटर ४० सेंटीमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे एका मोठ्या आकड्याशी त्याची गाठ घालायची आहे.

आधी ते नंबर समजून घेऊ. पॅरालिम्पिकच्या बातम्यांत टी-४७, एफ-६४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. टी म्हणजे ट्रॅक, धावणं. उड्यांनाही टी लावतात. एफ म्हणजे फील्ड, फेकीचे प्रकार. पुढचा आकडा शरीरात काय कमी आहे ते सांगतो. ४५ ते ४७ म्हणजे हातांचं अपंगत्व. ४२ ते ४४ म्हणजे पायाचं अपंगत्व, पण कृत्रिम पाय न लावता खेळणारे. ६१ ते ६४ म्हणजे कृत्रिम पाय लावून खेळणारे: ६१ दोन्ही पाय गुडघ्याच्या वर गेलेले, ६२ दोन्ही गुडघ्याखाली, ६३ एक पाय गुडघ्याच्या वर आणि ६४ एक पाय गुडघ्याखाली. आणि ५७ म्हणजे बसून फेकणाऱ्यांचा एक गट. तो माझा.

आपल्या सोसायटीत वन बीएचके आणि थ्री बीएचकेला मेंटेनन्स सारखा लावला तर केवढा गदारोळ होईल! तसंच हे. गुडघा शाबूत असलेला आणि नसलेला यांना एका रांगेत उभं केलं तर ती शर्यत होणार नाही. म्हणून स्पर्धेआधी डॉक्टर आणि खेळाचे जाणकार मिळून तपासणी करतात, मोजमापं घेतात आणि गट ठरवतात. अपंगत्व ठरलेल्या किमान मर्यादेपेक्षा कमी भरलं तर प्रवेशच मिळत नाही. मला ही तपासणी फार आवडली, खरं सांगतो. अपघातानंतर जो भेटेल तो माझ्या पायाकडे बघून ‘अरेरे’ म्हणायचा. तिथे पहिल्यांदा कोणीतरी पायाकडे बघितलं, आकडा लिहिला आणि म्हणालं, ‘पुढचा.’

गट असणं किती महत्त्वाचं, त्याचं उदाहरण राजस्थानच्या देवेंद्र झाझरियांचं. आठ वर्षांचे असताना झाडावर चढताना विजेच्या तारेचा धक्का बसला आणि डावा हात गेला. २००४ साली अथेन्सला त्यांनी ६२.१५ मीटर भाला फेकून विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवलं. त्यानंतर २००८ आणि २०१२ च्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांच्या गटाची भालाफेकच नव्हती. माणूस तयार, हातात भाला, आणि स्पर्धाच नाही! २०१६ साली रिओला तो प्रकार परत आला आणि ते ६३.९७ मीटर फेकून पुन्हा सुवर्ण घेऊन आले. पुन्हा विश्वविक्रम. मध्ये बारा वर्षं गेली होती.

आता तुम्ही म्हणाल, हात नसला तर धावायला काय अडचण? पाय तर आहेत. बालमित्रांनो, उद्या खाली उतरलात की एक हात अंगाला घट्ट चिकटवून पळून बघा. शरीर एका बाजूला वळायला लागतं. धावताना पायाचा प्रत्येक झटका हात तोलून धरत असतो. सुरुवातीलाही तीच गंमत. चारशे मीटरला खाली वाकून, दोन्ही हात टेकून सुटायचं असतं. एक हात आखूड असेल तर तोल वेगळा साधावा लागतो. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्याचा दिलीप गावित, लहानपणीच उजवा हात गमावलेला, टी-४७ गटात चारशे मीटर धावतो. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने ४९.४८ सेकंदांत सुवर्ण मिळवलं आणि ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक ठरलं. चारशे मीटर म्हणजे स्टेडियमच्या ट्रॅकची पूर्ण फेरी, आणि पन्नास सेकंदांच्या आत! धडधाकट माणसालाही ही वेळ सहजी जमणारी नाही.

मग येतो पाय. लोकांना वाटतं, तो वाकडा काळा ब्लेड लावला की माणूस आपोआप पळतो. तसं नाही हो. त्यात मोटर नाही, स्प्रिंगचं यंत्र नाही. तो कार्बन फायबरचा आहे. अमेरिकेतल्या व्हॅन फिलिप्स यांनी, स्वतःचा पाय गमावल्यावर, अशा लवचिक पायांची सुरुवात केली. वजन पडलं की तो दबतो आणि सुटताना दाबलेलं परत देतो, तेही दिल्यापेक्षा थोडं कमीच. आपला घोटा पोटरीच्या जोरावर जमिनीला ढकलतो, ब्लेडला ते येत नाही. तो जोर मांडीतून आणि कंबरेतून आणावा लागतो. आणि त्याला टाच नसते. म्हणून ब्लेड लावलेला धावपटू शर्यतीआधी सारखा जागच्या जागी हलताना दिसतो. लोक म्हणतात, घाबरलाय. घाबरलेला नसतो, त्यावर स्थिर उभं राहणंच कठीण असतं.

खरी लढाई ब्लेडच्या वर असते, सॉकेटमध्ये. उरलेला पाय, ज्याला आम्ही स्टंप म्हणतो, तो ज्या साच्यात बसतो तो सॉकेट. आत लायनर, त्यावर मोजे. स्टंप दिवसभर सारखा राहत नाही. सकाळी भरलेला असतो, चालून चालून दुपारपर्यंत थोडा आटतो, सॉकेट ढिला होतो, मग एक मोजा वाढवायचा. मे महिन्यात लायनरमध्ये घाम साचतो, पाय आत गोल फिरायला लागतो. थांबायचं, पाय काढायचा, पुसायचा, परत घालायचा. एखादा फोड आला की संपलं. तो बरा होईपर्यंत सराव बंद, आणि कधी कधी कुबड्यांवर ऑफिस. मोठ्या खेळाडूंच्या मुलाखतीत हे फार येत नाही, पण पाय गमावलेल्या प्रत्येक खेळाडूच्या दिवसाची सुरुवात स्टंपची कातडी तपासून होते. बरं, खेळाचा पाय वेगळा आणि रोजचा वेगळा. रोजच्या पायावर बँकेत जाता येतं, शंभर मीटर धावता येत नाही. धावण्याचा पाय काही लाखांच्या घरात जातो. मी बसून फेकण्याकडे वळलो त्यात हाही हिशेब होता.

‘ब्लेडमुळे फायदाच होतो,’ असंही म्हणतात. हा वाद जगभर आहे. जर्मनीचा मार्कुस रेम, एक पाय गुडघ्याखाली नसलेला, ब्लेडवरूनच लांब उडी घेतो. २०२३ साली त्याने ८.७२ मीटर उडी मारली. टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्ण ८.४१ ला गेलं होतं आणि पॅरिसचं ८.४८ ला! पण त्याला ऑलिम्पिकमध्ये घेतलं नाही; ब्लेडचा फायदा होतो की नाही, यावर वाद आहे. कोण बरोबर, हे ठरवणारा मी कोण? पण एक बघा. तेच ब्लेड जगात अनेकांकडे आहे. ८.७२ एकट्याच्याच नावावर आहे.

सवलतीचा गैरसमज आणखी एका गोष्टीने दूर होतो. सुंदरसिंग गुर्जर, एक हात नसलेला आपला भालाफेकपटू. २०१६ ला रिओत तो कॉल रूममध्ये वेळेवर पोहोचला नाही. कॉल रूम म्हणजे स्पर्धेआधी हजेरी लावायची जागा. सेकंदांचा उशीर होता, पण त्याला बाद केलं. ‘बिचारा इतक्या लांबून आलाय, हात नाही’ असं कोणी म्हटलं नाही. पुढच्याच वर्षी लंडनला तो जागतिक विजेता झाला, नंतर टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे कांस्य. आमच्या खेळात दया गटाच्या आकड्यापाशी संपते. त्याच्या आत सगळे खेळाडू.

आणि सुमित अंतिल तर तुम्हाला माहीतच आहे. सोनीपतचा मुलगा, पैलवान व्हायचं होतं. २०१५ च्या मोटारसायकल अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला. टोकियोत ६८.५५ मीटर, हांगझोऊला ७३.२९ चा विश्वविक्रम, पॅरिसला ७०.५९ मीटर आणि दुसरं पॅरालिम्पिक सुवर्ण. भाला फेकताना शेवटचं पाऊल रोवून सगळा धावण्याचा वेग अडवायचा असतो, मग तो भाल्यात जातो. सुमित उजव्या हाताने फेकतो, म्हणजे रोवायचा पाय डावा. तोच त्याचा कृत्रिम पाय. सगळा धक्का सॉकेटमधून स्टंपवर येतो. पुढच्या वेळी त्याची फेक बघाल तेव्हा भाल्याकडे नंतर बघा, आधी ते पाऊल बघा.

आता माझा प्रकार. चार किलोचा गोळा, म्हणजे साखरेच्या चार पिशव्या. खुर्ची किंवा फ्रेम, जास्तीत जास्त ७५ सेंटीमीटर उंच, गादीसकट. माझी फ्रेम आपल्या कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याने चौकोनी पाइपची करून दिली. ती जमिनीला दोऱ्यांनी आवळायची, मग पट्ट्यांनी स्वतःला फ्रेमला आवळायचं. एका हाताने उभा दांडा धरायला परवानगी आहे. फेकताना बूड खुर्चीवरून उचललं की फाउल. बांधाबांधीला वेळ जातो, म्हणून उभ्याने फेकणाऱ्यांसारखी आळीपाळी नसते. ज्याचा नंबर, त्याने आपल्या फेकी लागोपाठ टाकायच्या. तुमचं झालं की बाजूला बसून उरलेले सगळे आपल्यापुढे जातात का ते बघत राहायचं. मला विचाराल तर फेकण्यापेक्षा ते बसणं अवघड.

याच एफ-५७ गटात, पॅरिसला २०२४ मध्ये, होकाटो होटोझे सेमा यांनी १४.६५ मीटर गोळा फेकून कांस्यपदक मिळवलं. माझे ८.४० आता परत आठवा! हसा, हसा, मीही हसतो. पण त्यांची गोष्ट नीट ऐका, कारण तिचा संबंध आपल्या पुण्याशी आहे. सेमा नागालँडचे, सैन्यातले. २००२ साली काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हा वय अठरा. गोळा हातात घेतला २०१६ साली, बत्तिसाव्या वर्षी. मधली चौदा वर्षं मैदान नव्हतंच. पुण्यात सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. तिथल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नजरेत त्यांची तब्येत भरली आणि तू गोळा फेकून बघ, असं त्यांनी सुचवलं. मग खडकीला सैन्याच्या पॅरा खेळाडूंच्या केंद्रात सराव. चाळिसाव्या वर्षी पदक.

मी या गोष्टीवर खूप विचार केला. ताकद अठराव्या वर्षीही असणार. गट होता, नियम होते. मग चौदा वर्षं काय कमी होतं? कोणीतरी म्हणायला हवं होतं की ये, फेकून बघ. आणि जिथे म्हटलं तिथेच फेकायला जागा हवी होती. आमच्या खेळात खुर्चीच्या उंचीपासून हजेरीच्या वेळेपर्यंत सगळ्याला नियम आहे. घरातून मैदानापर्यंत माणसाला कसं आणायचं, त्याला मात्र काही नियम नाही. ते काम शेजाऱ्यांचं.

माझ्या बाबतीत ते तुम्ही केलंत. २०१५ साली मी अर्ज दिला होता की, मागच्या मोकळ्या जागेत सकाळी सहा ते सात गोळा टाकायची परवानगी मिळावी. सभेत दोन प्रश्न आले. पहिला, आवाज होईल का? दुसरा, गोळा कुठे लागेल का? मग वाळू टाकायचं ठरलं आणि बांधकामावर उरलेली वाळू आपल्याच एका सभासदाने आणून दिली. परवानगी इतिवृत्तात नोंदवली आहे. ते इतिवृत्त मी फाइलला लावून ठेवलंय, प्रमाणपत्रांच्या वर.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या मागच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. कारखान्यातून निवृत्त झालेले. मधुमेहामुळे पायाला जखम झाली, ती चिघळली, उजवा पाय काढावा लागला. सात महिने ते घराबाहेर पडले नव्हते. कृत्रिम पाय आणलेला, तो कपाटामागे उभा. एके सकाळी गॅलरीतून आवाज आला, “अहो, तुमचा गोळा दरवेळी डावीकडे पडतोय!” मी वर बघितलं, म्हटलं, “खाली येऊन सांगा, वरून तिरकं दिसतं.” ते काही आले नाहीत. पण रोज गॅलरीतून सांगायला लागले. डावीकडे, परत डावीकडे, आज बरा. दीड महिन्याने वॉकर घेऊन, सुनेचा हात धरून, खाली आले. पाय घालून. आता मोजपट्टी त्यांच्या हातात असते. एक सेंटीमीटर इकडचा तिकडे करत नाहीत. मी म्हटलं, “काका, साडेआठ लिहा की!” तर म्हणाले, “पडला तेवढाच लिहिणार.” हल्ली तेही खुर्चीत बसून एक किलोचा गोळा टाकतात. स्पर्धेत जायचं नाही म्हणतात, पण वहीत आपला आकडा तारखेसकट लिहितात.

आता थोडं आपल्या घरचं बोलतो. येत्या सर्वसाधारण सभेत मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचा विषय आहे. गाड्या वाढल्यात, जागा नाही, रात्री उशिरा येणाऱ्याला गल्लीत गाडी लावावी लागते, हे सगळं खरं आहे. माझ्याकडेही गाडी आहे. मला सरावाला बालेवाडीला जाता येतं, मी जाईन. काकांना जाता येणार नाही. ज्याचा पाय नुकताच गेलाय त्याला बालेवाडी फार लांब आहे. त्याला पहिलं मैदान जिन्याखाली लागतं, गॅलरीतून दिसणारं. माझी सूचना एवढीच की भिंतीकडेचा पट्टा, साठ फूट लांब, बारा फूट रुंद, मातीचाच ठेवावा. साधारण चार गाड्यांची जागा जाईल. मुलांना लगोरी-क्रिकेटला होईल, ज्येष्ठांना मातीवर चालायला होईल. मतदान करून ठरवा; निर्णय विरुद्ध गेला तरी मी इथेच राहणार आहे आणि नमस्कारही करणार आहे.

बाकी मागण्या स्वस्त आहेत. ए विंगच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, दुसऱ्या बाजूलाही लावू या. डावा पाय नसलेल्याला आणि उजवा नसलेल्याला वेगवेगळी बाजू लागते. उतारावर दुचाकी लावू नका. पावसाळ्यात प्रवेशद्वाराच्या गुळगुळीत फरशीवर जाड पायपुसणं टाका, ओल्या फरशीवर कृत्रिम पाय पहिला सटकतो. क्रीडादिनाला माझ्यासाठी शेवटी वेगळा ‘विशेष कार्यक्रम’ नको. गोळाफेक ठेवा, सगळे खुर्चीत बसून टाकू या, बघू कोण जिंकतं. ज्यांना शुगर आहे त्यांनी रोज रात्री तळपाय बघा, स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना बघायला सांगा. आणि तुमच्या नात्यात, ऑफिसात कोणाचा हात-पाय गेला असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. सॉकेट, मोजे, घाम, कशावरही बोलेन. पहिल्या भेटीत खेळाचं नावही काढणार नाही. गॅलरीत बसायला लावीन.

यंदा माझं लक्ष्य साडेआठ मीटर आहे. अजून दहा सेंटीमीटर. काका रोज सहाला पट्टी घेऊन हजर असतात, तुम्हीही या. मुलांनो, वाळूतून गोळा परत आणून द्यायला दोन जण लागतात, शनिवार-रविवार नावं नोंदवा.

सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सर्वांचं मनापासून अभिनंदन.